सल्ला : अलास्काची क्रूझ, साड्या आणि माकडटोपी

ठाण्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या ६६ वर्षांच्या, यजमान ७१ वर्षांचे. लेक-जावई सिअ‍ॅटलजवळ बेल्व्ह्यूला राहतात. नातवाची शाळा सुटली की जूनच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून सात रात्रींच्या अलास्का क्रूझवर जायचे ठरले आहे. जहाज सिअ‍ॅटलहून निघून जूनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकन आणि शेवटी कॅनडातील व्हिक्टोरिया करून परत सिअ‍ॅटलला येणार आहे. यजमानांना मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. दोघेही शाकाहारी आहेत, अंडेही खात नाहीत. पत्रलेखिका आयुष्यभर साडी नेसत आल्या आहेत. शेजाऱ्यांनी मनालीला नेतात तसले जाडजूड जॅकेट घ्यायला सांगितले आहे, लेक म्हणते फार सामान आणू नका, आणि त्यांना नेमके काय भरावे हे कळेनासे झाले आहे.

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात जॅकेटपासून जेवणापर्यंत सगळे आले आहे, पण ज्या गोष्टीवाचून ही सफर खरोखर अडू शकते, ती तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारावे तशी विचारली आहे. म्हणून आधी तीच घेते. व्हिक्टोरियाला जहाज संध्याकाळी काही तासच थांबते, आम्ही खाली उतरलोच नाही तरी कॅनडाचा व्हिसा लागेल का, असे तुम्ही विचारता. लागेल. भारतीय पासपोर्ट असणाऱ्या प्रवाशाकडे अमेरिकेचा आणि कॅनडाचा असे दोन्ही व्हिसा आहेत की नाहीत, हे क्रूझ कंपनी सिअ‍ॅटलला जहाजावर चढतानाच तपासते. एक जरी नसला तरी तुम्हाला धक्क्यावरूनच परतावे लागते, आणि भरलेले पैसेही सहसा परत मिळत नाहीत.

हा व्हिक्टोरियाचा थांबा हौसेने घेतलेला नाही, हेही सांगून ठेवते, म्हणजे तो टाळता येईल का याचा विचार मनातून जाईल. अमेरिकेत १८८६ साली झालेल्या एका कायद्यामुळे परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला फक्त अमेरिकेच्याच बंदरांमधून प्रवासी फिरवून आणता येत नाहीत, मध्ये एखादे परदेशी बंदर घ्यावेच लागते. अलास्काला जाणारी मोठी जहाजे बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली असतात, त्यामुळे सिअ‍ॅटलहून निघणाऱ्या अशा जहाजाला कॅनडाचे दार ठोठावण्यावाचून गत्यंतर नसते.

कॅनडाच्या व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि पासपोर्टही शिक्क्यासाठी त्यांच्याकडे सोपवावा लागतो. या कामाला किती आठवडे जातील याचा नेम नसतो, म्हणून ते अमेरिकेत गेल्यावर पाहू असे म्हणू नका, मुंबईतूनच उरकून निघा. अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हेही एकदा पासपोर्ट उघडून बघा, कारण व्हिक्टोरियाहून सिअ‍ॅटलला परतणे म्हणजे कागदोपत्री अमेरिकेत पुन्हा प्रवेश करणे असते. लेक-जावई ग्रीन कार्डावर असतील तर पासपोर्ट आणि ते कार्ड त्यांना पुरेल. एच-१बी वर असतील तर त्यांनाही कॅनडाचा व्हिसा हवा, आणि परत प्रवेशासाठी आपली कागदपत्रे पुरेशी आहेत का, हे त्यांनी कंपनीच्या वकिलाला आत्ताच विचारून घ्यावे. तरुण मंडळी आई-वडिलांचे कागद डोळ्यांत तेल घालून तपासतात आणि स्वतःचे गृहीत धरतात.

आता थंडीविषयी. अलास्का म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फाची घरे येतात, पण तुम्ही जाणार तो अलास्काच्या आग्नेय टोकाचा, समुद्राला लागून असलेला, घनदाट जंगलाचा पट्टा आहे. तिथे जूनअखेर बंदरांमधले दिवसाचे तापमान साधारण १२ ते १८ अंश सेल्सिअस असते, म्हणजे डिसेंबरातल्या नाशिकच्या पहाटेइतके. खरा त्रास पावसाचा आणि वाऱ्याचा. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून अधिक, म्हणजे मुंबईच्या दीडपटीच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो मुंबईसारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बारा महिने झिरपत राहतो. धावत्या जहाजाच्या उघड्या डेकवर वारा सतत असतोच, आणि हिमनदीच्या समोर उभे राहिल्यावर तापमान पार एकआकडी होते. अंगावरचे कपडे दमट असतील तर अशा वेळी दहा अंशांची थंडीही हाडांत शिरते.

म्हणून शेजाऱ्यांचा सल्ला मला पटत नाही. मनालीचे जाड, कापूस भरल्यासारखे जॅकेट कोरड्या बर्फासाठी ठीक आहे. पावसात ते पाणी पिते, केबिनमध्ये दोन दिवस वाळत नाही, सुटकेसची अर्धी जागा खाते, आणि जूनोच्या बसमध्ये ऊन आले तर त्यात घाम फुटतो. त्याऐवजी तीन थर करा. अंगालगतचा थर थर्मलचा असावा, लोकरीचा किंवा सिंथेटिक चालेल, पण सुती बनियन किंवा सुती परकर नको, कारण सूत एकदा भिजले की गार पडते आणि लवकर वाळत नाही. त्यावर फ्लीसचे किंवा लोकरीचे स्वेटर. आणि सर्वांत वर पाऊस व वारा दोन्ही अडवणारे, टोपी असलेले, पातळ पण चांगल्या प्रतीचे जॅकेट, तेही एक माप मोठे, म्हणजे आतले दोन्ही थर त्यात दाटीवाटीने कोंबावे लागणार नाहीत. तुमच्या दोघांचा मिळून खर्च करण्याजोगा एकच कपडा कोणता असे विचाराल तर तो हाच. पावसाळ्यातला प्लॅस्टिकचा रेनकोट वाऱ्यात फडफडतो आणि आतून घामाने ओला होतो, आणि छत्री डेकवर उघडलीत तर ती पहिल्या पाच मिनिटांत उलटी होईल. जॅकेटवरून घालायची पावसाळी पँट दोघांनीही न्यावी. ती घडी करून पर्समध्ये मावते आणि व्हेल पाहायच्या बोटीवर तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

कानटोपी, गळ्याला मफलर आणि हातमोजे विसरू नका. यजमानांची जुनी माकडटोपी असेल तर ती अवश्य बरोबर घ्या. लेक हसेल, तिला हसू द्या, डेकवर तासभर उभे राहिल्यावर ती स्वतःच बाबांकडे मागेल. हातमोजे मात्र पातळ, मोबाइलच्या पडद्यावर चालतील असे घ्या, नाहीतर प्रत्येक फोटोसाठी मोजा काढायचा आणि घालायचा या नादात मोजा समुद्रार्पण होतो.

बुटांचे तुमच्या यजमानांच्या बाबतीत विशेष महत्त्व आहे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असली तर नवा बूट लागला, मोजा ओला राहिला, हे लवकर कळतच नाही, आणि कळते तेव्हा फोड आलेला असतो. पाणी आत न शिरणारे, तळव्याला चांगली पकड असलेले बूट महिनाभर आधी आणा आणि ते घालून रोज तलावपाळीला चकरा मारा. मोज्यांचे चार-पाच जोड घ्या, आणि जहाजावर परतल्यावर मोजे बदलून पाय नीट पुसून पाहणे हा रोजचा नेम ठेवा. गार पडलेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावण्याचा मोह टाळा, संवेदना कमी असलेल्या पायांना त्याने भाजू शकते. बुटांचा दुसरा जोड साधा असला तरी चालेल, पण तो हवा, कारण भिजलेला बूट एका रात्रीत वाळत नाही.

साडीविषयी तुम्ही संकोचाने लिहिले आहे, त्यात संकोच कसला? जहाजावर एक-दोन संध्याकाळी जेवणाच्या मोठ्या दालनात लोक ठेवणीतले कपडे घालून येतात. त्या दिवशी तुमची पैठणी किंवा नारायणपेठ कोणत्याही गाऊनला भारी पडेल. दोन साड्या त्यासाठी न्या. यजमानांना सुटाबुटाची सक्ती नसते, कुर्ता-जॅकेट शोभून दिसते. बंदरात उतरताना आणि डेकवर मात्र साडी नको, असे मी अगदी स्पष्ट सांगते. ओल्या, निसरड्या शिडीवरून व्हेलच्या बोटीत उतरताना एक हात कठड्याला लागतो आणि दुसरा निऱ्या सावरण्यात अडकतो. सलवार-कमीज आणि त्याच्या आत थर्मलची विजार, वर पावसाळी पँट, एवढ्याने काम भागते, आणि ओढणीची जागा मफलर घेतो.

बाकी सामानाबाबत लेकीचे म्हणणे ऐका. तुम्ही स्कॅगवेला उतराल तिथे १८९७-९८ साली कॅनडातल्या क्लोंडाइक भागातल्या सोन्यामागे लागलेल्या हजारो लोकांना कॅनडाच्या पोलिसांनी सरहद्दीवर अडवून वर्षभराची शिधासामग्री असल्याशिवाय पुढे जाऊ दिले नव्हते. ते ओझे माणशी जवळजवळ टनभर होई आणि ते एका खेपेत नेणे शक्य नसल्याने त्याच डोंगरावर पुन्हा पुन्हा चढउतर करावी लागे. तुमच्यावर तशी सक्ती नाही. दोघांत एक मोठी आणि एक मध्यम बॅग पुष्कळ झाली. टॉवेल, साबण, शाम्पू, केस वाळवायचे यंत्र हे सगळे केबिनमध्ये असते. इस्त्री आणि पाणी तापवायची विजेची किटली आगीच्या भीतीने जहाजावर नेऊच देत नाहीत, सापडल्यास काढून घेतात. विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारे (सर्ज प्रोटेक्टर), लांब वायरचे विजेचे बोर्डही चालत नाहीत. पिना अमेरिकी पद्धतीच्या असतात, त्यामुळे लेकीच्या घरचे चार्जर घेतले की प्रश्न मिटतो. एक वस्तू मात्र आवर्जून न्या. केबिनच्या भिंती बहुतेक वेळा धातूच्या असतात, त्यांना चिकटणारे लोहचुंबकाचे चार हूक नेले तर ओली जॅकेटे टांगायची उत्तम सोय होते, नाहीतर छोट्याशा न्हाणीघरात ओले कपडे आणि माणसे यांची रेटारेटी होते.

दुर्बीण घ्या, आणि शक्य झाल्यास दोघांना दोन. एकच असली की व्हेल वर येते तेव्हा ती नेमकी दुसऱ्याच्या हातात असते. आठपट मोठे दाखवणारी, हलकी दुर्बीण पुरे. त्याहून शक्तिशाली घेतली तर हलत्या बोटीवर हाताचा कंपही तेवढाच मोठा होऊन दिसतो.

जेवणाची काळजी तुम्हाला वाटते तेवढी करण्याचे कारण नाही, पण थोडे आधी बोलावे लागेल. मोठ्या जहाजांवर शाकाहारी आणि भारतीय शाकाहारी जेवणाची सोय असते. ती आरक्षणातच नोंदवावी आणि पहिल्या संध्याकाळी जेवणाच्या दालनातल्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगावी. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हणू नका. अंडे नको, मासे नकोत, मांसाच्या उकळीत केलेले सूप नको, जिलेटिन नको, असे एकेक नाव घेऊन सांगा, कारण तिकडच्या पुष्कळ लोकांच्या मते अंडे शाकाहारातच मोडते. एकदा ओळख झाली की तो प्रमुख आदल्या रात्रीच दुसऱ्या दिवसाचा मेनू घेऊन तुमच्या टेबलाशी येतो आणि काय करून देऊ असे विचारतो. गोव्याचे तारवटी आणि मुंबईकर मंडळी या जहाजांच्या स्वयंपाकघरांत आणि दालनांत वर्षानुवर्षे नोकरी करत आली आहेत. नावाची पट्टी वाचून कोकणी-मराठीत दोन शब्द बोलून पाहा, वरण-भाताची चव सुधारते असा माझा अनुभव आहे.

बरोबर नेण्याचे खाणे कारखान्यात बंद केलेल्या पाकिटातले आणि कोरडे असावे. भाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी, खाकरा हे सगळे चालते. घरी केलेला पदार्थ डब्यात भरून नेलात तर तो जहाजावर चढताना अडवला जाऊ शकतो, आणि फळे, बिया, ताजी पाने तर अमेरिकेच्या विमानतळावरच नकोत. यजमानांच्या साखरेसाठी बुफेतले केळे किंवा सँडविच पिशवीत टाकून बंदरावर उतरायची सवयही लावू नका. व्हिक्टोरियाला तर ते कॅनडाच्या नियमात बसत नाही. त्याऐवजी बंद पाकिटातली बिस्किटे आणि ग्लुकोजच्या गोळ्या जॅकेटच्या खिशात ठेवा. चहाचे मात्र मनाला लावून घेऊ नका. कोमट पाण्यात बुडवलेली पुडी हाच तिथला चहा, म्हणून तयार मसाला चहाची बंद पाकिटे नेणारे लोक सुखी असतात.

बोट लागण्याची भीती तुम्ही लिहिली आहे. या प्रवासाचा बराचसा भाग बेटांच्या आडोशाने, शांत पाण्यातून होतो, पण सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजे साधारणपणे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जातात. त्यामुळे पहिली रात्र आणि दुसरा दिवस थोडा डोलण्याचा असू शकतो. केबिन अजून बदलता येत असेल तर जहाजाच्या मध्यभागाची आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी घ्यावी लागते, नंतर तिचा फारसा उपयोग होत नाही. पण कोणती घ्यायची हे यजमानांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. या गोळ्यांनी झापड येते, उतारवयात तोल जाऊ शकतो, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना त्यांतल्या काही चालत नाहीत. बंद पाकिटातला आलेपाक मात्र निर्धास्त न्या, फक्त त्यातली साखर यजमानांच्या हिशेबात धरा.

औषधे मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि ठरल्यापेक्षा आठवडाभर जास्तीची घ्या. इन्सुलिन असेल तर केबिनमधल्या छोट्या शीतकपाटावर विसंबू नका, ते नुसतेच गार ठेवणारे असते. औषधांसाठी वेगळे शीतकपाट आधी कळवून मागता येते. ग्लुकोमीटर थंडीत चुकीचे आकडे दाखवू शकतो, म्हणून तो डेकवर नेताना आतल्या खिशात ठेवा. अलास्काचे घड्याळ सिअ‍ॅटलच्या एक तास मागे आहे, त्यामुळे जेवण आणि औषधाची वेळ कोणत्या घड्याळाने धरायची ते पहिल्याच दिवशी ठरवा. जहाजावर दवाखाना असतो, पण त्याचे बिल जागेवर तुमच्या खात्यावर चढते. प्रवासविमा घेताना त्यात क्रूझ, आधीपासूनचा मधुमेह आणि हवाई रुग्णवाहिका या तिन्हींचा समावेश लेखी आहे का ते पाहा. जूनोला तर रस्त्याने जाताच येत नाही, तिथून मोठ्या इस्पितळात हलवायचे म्हणजे विमानच लागते. आणि हात साबणाने धुवा. जहाजावर पसरणाऱ्या पोटाच्या नोरोव्हायरसवर हाताला चोळायच्या सॅनिटायझरचा नीटसा परिणाम होत नाही.

आता त्या त्या दिवशी काय अपेक्षा ठेवावी ते सांगते. तुमच्या सफरीतला सर्वांत मोठा दिवस ग्लेशियर बेचा, आणि त्या दिवशी जहाज कुठेच लागत नाही. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती सांगतात. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या लोकांनी पाहिले तेव्हा ही खाडी बर्फाने भरलेली होती. त्यानंतर हिमनदी शंभर किलोमीटरहून अधिक मागे सरली आणि जिथे बर्फ होता त्या पाण्यातून आज तुमचे जहाज आत जाते. आत जाताना दोन्ही काठ नीट पाहत राहा. तोंडाशी, जिथे बर्फ फार पूर्वी हटला, तिथे गर्द अरण्य आहे, पुढे झुडपे, मग शेवाळ, आणि हिमनदीजवळ उघडा, नुकता मोकळा झालेला खडक. अडीचशे वर्षांत जमीन कशी वसत गेली, ते असे दोन-तीन तासांत क्रमाने उलगडते.

शेवटी मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबते. पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच, निळसर, तडे गेलेली भिंत असते ती. दाटलेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषून घेतो म्हणून तो निळा दिसतो, आणि ढगाळ दिवशी तो निळेपणा अधिकच खुलतो, तेव्हा ऊन नाही म्हणून हळहळू नका. भिंतीचा तुकडा सुटतो तेव्हा आधी तो घसरताना दिसतो आणि गडगडाट क्षणभराने कानावर येतो. आवाज ऐकून मग कॅमेरा वळवणाऱ्याच्या फोटोत निव्वळ फेसाळ पाणी येते. फोटोचा नाद थोडा वेळ सोडून भिंतीच्या एकाच भागाकडे, जिथून बारीक खडे सांडत असतील तिकडे, टक लावून बघा. जहाज जागच्या जागी वळते, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना सारखेच दिसते. धावपळ करण्याची गरज नाही. यजमानांना फार वेळ उभे राहवत नसेल तर तुमची बाल्कनी असल्यास तिथे पांघरूण घेऊन बसावे. बाल्कनी घेतली नसेल तर वरच्या मजल्यावर काचेच्या भिंतींचे उबदार दालन असते, तिथली खुर्ची मात्र सकाळी लवकर धरावी लागते. फोनची बॅटरी थंडीत भराभर उतरते. तो अंगाशी, आतल्या खिशात ठेवा.

जूनोला व्हेल आणि मेंडनहॉल हिमनदी हे दोन्ही एका दिवसात होते. व्हेलच्या बोटी शहराबाहेरच्या ऑक बेमधून सुटतात. बंद, ऊबदार कक्ष आणि स्वच्छतागृह असलेली बोट निवडा. हम्पबॅक व्हेल हिवाळा हवाईकडे काढून उन्हाळ्यात खाण्यासाठी इकडे येतात, त्यामुळे जूनअखेर त्या दिसतीलच असे जवळजवळ धरून चालता येते. मेंडनहॉलला पर्यटक केंद्रापासून एक छोटी, फरसबंद पाऊलवाट जाते, ती दुखऱ्या गुडघ्यांनाही झेपते. नगेट धबधब्यापर्यंतचा रस्ता लेक-जावई-नातवाला जाऊ द्या. हेलिकॉप्टरने हिमनदीवर उतरण्याच्या सहलीचा तुम्ही उल्लेख केला आहे. ती फार महाग आहे आणि ढग आले की रद्द होते, म्हणून तिच्यावर दिवसाचा बेत उभारू नका.

स्कॅगवेची आगगाडी मात्र चुकवू नका. सोन्याच्या धामधुमीत १८९८ साली बांधायला घेतलेली आणि १९०० साली पुरी झालेली ही अरुंद रुळांची व्हाइट पास गाडी साधारण ३२ किलोमीटरांत ८७० मीटरच्या वर चढते. गुडघ्यांना काहीच काम नाही, खिडकीशी बसून दरी, धबधबे आणि त्या टनभर ओझ्याच्या माणसांनी तुडवलेली पायवाट दिसते. जाताना डाव्या हाताची बाजू धरा. माथ्यावरून तशीच परत येणारी फेरी घ्या, कुठे उतरायचे नसते. फ्रेझर किंवा युकॉनपर्यंत जाणाऱ्या सहलींत कॅनडाची सरहद्द रीतसर ओलांडली जाते, त्यासाठी पासपोर्ट बरोबर लागतो.

केचिकनला पाऊस असणार हे धरूनच उतरा. ट्लिंगिट, हायडा आणि त्सिम्शियान या तिथल्या मूळ लोकांचे कोरीव लाकडी टोटेम स्तंभ सॅक्समन गावात उभे आहेत. त्यावरचे गरुड, डोमकावळा, अस्वल ही चित्रे घराण्यांच्या कथा सांगतात, म्हणून मार्गदर्शकाबरोबर पाहिले तरच त्यांत काही कळते. क्रीक स्ट्रीट पाण्यावरच्या लाकडी फळ्यांची आहे, ओली असताना यजमानांचा हात धरा. व्हिक्टोरियाला जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो. थकला नसाल तर बंदराकाठी फेरी मारा, थकला असाल तर जहाजावर झोपा, काही बिघडत नाही.

सहली जहाजाकडून घ्याव्यात की बाहेरून, याचे उत्तर तुमच्या बाबतीत सोपे आहे. बाहेरच्या स्वस्त पडतात, पण परतायला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. जहाजाने विकलेल्या सहलीला उशीर झाल्यास ते सहसा थांबते. वडीलधारी माणसे आणि लहान मूल बरोबर असताना चार पैसे जास्त गेले तरी निवांतपणा मोलाचा. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सगळे केबिनच्या कार्डावर लिहिले जाते, आणि माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर बक्षिसी आपोआप त्यात धरली जाते, ते पाहून शेवटच्या दिवशी दचकू नका. फोन पहिल्या दिवशीच विमान-मोडवर टाका. भर समुद्रात जहाजाच्या मोबाइल जाळ्याला फोन आपणहून जोडला गेला तर बिल डोळे पांढरे करते.

निघायच्या दिवशी सिअ‍ॅटलला दोन वेगवेगळे धक्के आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१. तुमचे जहाज कोणत्या धक्क्यावरून सुटते ते जावयांना तिकिटावर पाहून ठेवायला सांगा. मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळी येतात, म्हणून पासपोर्ट, औषधे, ग्लुकोमीटर, जॅकेट आणि टोपी हातातल्या पिशवीत हवी. परतीच्या आदल्या रात्री याच्या उलट होते. बॅगा भरून दाराबाहेर ठेवायच्या असतात आणि सकाळी त्या धक्क्यावर मिळतात. दुसऱ्या दिवशी घालायचे कपडे आणि बूट त्याआधी बाजूला काढून ठेवा. दर सफरीत कोणीतरी उत्साहाच्या भरात सगळेच भरून टाकते आणि रात्रीच्या कपड्यांत इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहते.